राणीआईची जागा

१४ जानेवारी

आदुसेई उठून उभा राहिला! बोलताना फोनमधून डोकं वर न काढणारा हा बिल्डर माझं मॉडेल बघून खुर्चीतून उठला, टेबलाभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "मॅडम, अख्ख्या कुमासी शहरात असं शॉपिंग सेंटर नाही."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं.

माझ्या भागीदारानं, अटोनं, टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. देऊ दे. खोटी नम्रता मला जमत नाही, आणि आज तर मुळीच नाही. बायकांनी घरांचे नकाशे काढावेत, मोठी कामं पुरुषांकडे सोपवावीत, हे ऐकत ऐकत पन्नाशीला आले. आता घ्या म्हणावं!

लिहून ठेवते, म्हातारपणी वाचायला. दुकानांच्या दोन रांगा, मध्ये उघडा चौक. चौक का? तर कापडाचा खरा रंग दिव्याखाली कळत नाही. आमच्या बाया कापड खांद्यावर टाकून उन्हात पळतात, तिथं बघतात, मग परत येऊन भावाला बसतात. मी ऊनच आत आणलं. रस्त्याच्या बाजूला खोल पडवी. बाहेर ऊन आणि आत सावली असली की काचेचा आरसा होतो. गिऱ्हाइकाला कापड दिसत नाही, स्वतःचं तोंड दिसतं. स्वतःचं तोंड बघायला कोण पैसे देतं! पडवीची सावली पडली की काच पुन्हा काच होते. आणि प्रत्येक दुकानापुढं हातभर ओटा. का? कारण नकाशात दिला नाही तरी बाया माल पुढं मांडणारच. मग आपणच द्यावा, म्हणजे त्याच्यापुढं सरकता येत नाही.

आणि दुकान नंबर एक. अगदी तोंडाशी, दुप्पट रुंद, एक पायरी उंच. ते आईचं.

आई कापडराणी आहे. बाजारातल्या साऱ्या कापडवाल्या बायांनी निवडलेली. वाद तिनं मिटवायचे, नवा माल आला की भाव तिनं बोलायचा. ती बसेल तिथं बाकीच्या येतात. ती आली नाही तर आदुसेईचं सेंटर म्हणजे नुसता काचेचा डबा. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक उभा आहेच तसा, चिटपाखरू फिरकत नाही.

अटोची कुरकुर चालूच. "मोठं दुकान तोंडाशी नाही ठेवत गं. टोकाला ठेवतात. माणसं त्याच्या ओढीनं शेवटपर्यंत चालतात आणि वाटेत लहान दुकानांत थांबतात. पहिला धडा आहे हा."

"कुठल्या पुस्तकातला?"

"सगळ्याच."

समुद्रकाठच्या गावचा ना तो! हे लोक आजोबांच्या काळापासून गोऱ्यांचे बूट घालून झोपतात. मी त्याला सांगितलं, पुस्तकवाल्यांना राण्या नसतात. आम्ही राणीला कोपऱ्यात टाकत नाही.

१५ जानेवारी

आईला सांगितलं. तुझी जागा सगळ्यात पुढं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी तू दिसशील.

"बघू," म्हणाली.

बस. "बघू"!

२ फेब्रुवारी

कालपासून मनात घोळतंय म्हणून लिहिते. आईनं मला कापडावर शिकवलं. एकेक थान विकून. मी आर्किटेक्ट झाले त्या दिवशी घरी धावत आले, तर म्हणाली, "आता जेव." त्यानंतर बँक, दोन शाळा, चर्चचा हॉल — एकाही इमारतीत आली नाही. "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणते. पण दुकान तिला कळतं. या एका इमारतीत ती बसली की तिला बोलावंच लागेल. बाकी आदुसेईची शाबासकी आली काय नि गेली काय. मला माझ्या आईला माझ्या इमारतीत बसलेली बघायचंय. झालं, लिहून टाकलं.

२८ मार्च

नंबर एकच्या भिंती उभ्या राहिल्या! पायरीला घडीव दगड. गवंडी म्हणाला, "बाई, इथं राजा बसणार का?" मी म्हटलं, "राजाला कापड लागलं तर त्यालासुद्धा इथंच यावं लागेल."

२ एप्रिल

आईला साइटवर नेलं. तिच्याबरोबर पोमा मावशी. मावशी म्हणजे बाजारात आईचा उजवा हात. आई बोलत नाही तेव्हा मावशी बोलते, आणि आई बोलते तेव्हाही मावशीच बोलते.

आई पायरीपाशी थांबली. चढली नाही. उभ्या उभ्या भिंती बघितल्या. मागं वळून रस्ता बघितला. मग आत चौकात गेली, तिथून परत नंबर एककडे बघितलं. मी तिच्या मागं मागं.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्या."

"वाटलंच."

आणि मग, "मी इथं बसणार नाही."

का? पायरी उंच आहे का? ऊन येतंय का? लहान वाटतंय का? एकाचं उत्तर नाही. मावशी खोकली. "अफ्रिये, राणीला कारण विचारत नसतात गं."

"मी राणीला नाही विचारत, आईला विचारतेय!"

"मग घरी विचार," आई म्हणाली आणि टॅक्सीत जाऊन बसली.

घरी विचारलं. म्हणाली, "सूप निवतंय."

रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. दुप्पट रुंद दुकान दिलं! घडीव दगड दिला! लोक पाया पडतील असं दुकान, आणि ही म्हणते सूप निवतंय.

३ एप्रिल

आदुसेईच्या कानावर गेलंच. "मॅडम, राणीआई नाही म्हणाल्या तर माझी एकही गाळेवाली सही करणार नाही." मी म्हटलं, आईचं माझ्यावर सोडा. तो म्हणाला, "सोडलं होतं की!"

अटो काही बोलला नाही. न बोलण्यातसुद्धा त्याचं पुस्तक ऐकू येतं मला.

४ एप्रिल

ठरलं. भांडून उपयोग नाही, करून दाखवायचं. रविवारी बाजार बंद असतो. साइटवर खडूनं गाळे आखायचे, टेबलं मांडायची, वीस बाया माल घेऊन येतील, खरीखुरी गिऱ्हाइकं येतील. आई नंबर एकमध्ये बसेल. एकदा तिथं बसून विकलं की तिचं तिला कळेल.

ती "हो" म्हणाली! इतक्या पटकन की मला संशय यायला हवा होता.

६ एप्रिल, रविवार

कुठून सुरुवात करू?

चर्च सुटलं आणि लोक आले. पांढरे कपडे, मुलांना कडेवर घेऊन, हौसेनं. आई नंबर एकमध्ये आपल्या स्टुलावर. मावशीचं टेबल आत, उजवीकडं तिसरं. मी पडवीत उभी. छाती अशी फुगलेली की झग्याची शिवण उसवावी.

पहिला एक म्हातारा आला. पायरीपाशी आला आणि चपला काढल्या. का? तर उंच जागी कुणी मोठं बसलं असेल तर आपण पायातलं काढतो. कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या मागच्या बाईनं काढल्या. तिच्या मागच्या तिघींनी काढल्या. घटकाभरात माझ्या घडीव दगडापुढं चपलांचा ढीग! मी दुकान बांधलंच नव्हतं. दरबार बांधला होता.

आणि दरबारात आलेला माणूस पुढं जातो का? आधी हालहवाल. मग पोरंबाळं कशी आहेत. मग राणीनं विचारलं, राणीला सांगितलं, आता तिच्यासमोरून उठून दुसरीकडं कापड बघायला जायचं? कुणाची छाती आहे? एकेक जण तिथंच खरेदी करून तिथूनच परत. आतल्या एकोणीस टेबलांवर माश्या.

मग दोर्कास आली. ही शिवणकाम करते, मावशीची कित्येक वर्षांची गिऱ्हाईक. मावशीनं आतून हात केला. दोर्कासनं बघितलं, हसली, निघाली — आणि वाटेत आई. थांबावंच लागलं. चपला काढल्या.

आई म्हणाली, "जा गं, पोमाकडे जा. ती वाट बघतेय."

"जाते, राणीआई."

"जा ना मग."

"जाते हं." आणि जाईना! आई जितकी जा जा म्हणते तितकी ही बाई जमिनीत रुतत चालली. राणी जा म्हणाली आणि ही खरंच गेली, तर लोक काय म्हणतील? घामाघूम झाली बिचारी. शेवटी समोर दिसलं ते जांभळं कापड बोटानं दाखवलं आणि सहा यार्ड घेतलं. तिला जांभळं आवडत नाही. मावशीला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आईला ठाऊक आहे.

मावशी आतून ओरडली, "माझं गिऱ्हाईक होतं गं ते!" हसून ओरडली. पण डोळे हसत नव्हते.

आई उठली. स्टूल उचललं. माझ्याजवळून जाताना थांबली.

"झालं समाधान? मी राणी कशाला, यांची पोटं भरावीत म्हणून ना? तू मला त्यांच्या दारात आडवी टाकलीस."

तिचं सगळं कापड विकलं गेलं होतं. रिकाम्या टोपल्या घेऊन गेली.

७ एप्रिल

माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही, आणि गोऱ्यांच्या पुस्तकांचीही नाही. परका माणूस ही चूक करूच शकला नसता. त्याला राणीची इतकी भीड नसती. मान द्यायचा म्हणून मी तिला पुढं बसवलं, आणि त्या मानानंच वाट अडली.

अटोला सांगितलं. तो "मी म्हणालो होतो" म्हणाला नाही. बशीतली तळलेली केळी माझ्याकडे सरकवली. समुद्रकाठची माणसं तशी वाईट नसतात.

१२ एप्रिल

सापडलं!! सापडलं, सापडलं, सापडलं!

आज मावशीच्या नातीचं बारसं. मला जायचं नव्हतं. बाजारातल्या साऱ्या बाया असणार, जांभळ्या कापडाचा विषय निघणार. निघालाच. दोर्कास तेच नेसून आली होती. "आता अंगवळणी पडतंय," म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. काय करणार?

पण ते नाही. ते असं — मावशीचं जुनं घर, मध्ये चौक, एकच दार. खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडलेल्या. मी दारातून आत आले आणि नेहमीसारखी उजव्या बाजूनं सुरुवात केली. हात मिळवत, कशी आहेस, बरी आहेस ना, पुढं, पुढची. उजवीकडून डावीकडं. जन्मापासून असंच करतेय. आणि समोर, दारापासून अगदी लांब, टोकाला, म्हातारी पणजी आणि तिच्या शेजारी आई. त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत माझी अर्ध्या घराशी भेट झालेली. त्यांच्यानंतर डावीकडच्या अर्ध्या घराशी. कुणीही सुटलं नाही. कुणाचीही वाट अडली नाही. आई दिसत होती पहिल्यापासून, तिच्याकडेच निघाले होते, पण वाटेत सगळ्यांना भेटून.

मी मध्येच थांबले. हात एका बाईच्या हातात तसाच. ती म्हणाली, "अगं, सोड की!"

अख्खं सेंटर त्या चौकात होतं. लोक दारातून उजवीकडं वळतील, कारण आमचे पाय तसेच वळतात. उजव्या रांगेतल्या दुकानांत थांबत थांबत टोकाला जातील. तिथं राणी. तिच्याकडे पोचेपर्यंत हातात पिशवी असली तरी लाज नाही. आधी घेतलेलं ते घेतलेलं, राणी उलट म्हणेल बघू काय घेतलंस, छान आहे. आणि अजून काही घ्यायचं राहिलं असेल तर परतीची वाट डाव्या रांगेनं. ती वाट तिच्या बाजूनं निघते, थेट तिच्या डोळ्यांसमोरून नाही. घ्यावं खुशाल!

पायरी नको. दुप्पट रुंदी नको. बाकीच्यांइतकंच दुकान, फक्त टोकाला आणि दारातून सरळ दिसणारं.

बाळाचं नाव काय ठेवलं विचारायला विसरले.

१३ एप्रिल

अटोला दाखवलं. खूप वेळ नकाशा बघितला. मग म्हणाला, "म्हणजे मोठं दुकान टोकाला."

"मोठं नाही. थोरलं."

"पहिला धडा आहे हा."

"पुस्तक लिहिणारा कधीतरी कुमासीत जेवून गेला असेल."

तो इतका हसला की चहा नकाशावर सांडला. नवा काढावा लागला. काढला, आनंदानं काढला.

२२ एप्रिल

आदुसेईशी दिवसभर. भिंती पाडायच्या म्हटल्यावर त्याचा चेहरा! "आणि मग तोंडाशी काय ठेवणार?"

"काही नाही. मोकळी पडवी. बाकडी."

"रस्त्याकडेची सगळ्यात महाग जागा, आणि तिथं बाकडी?"

"घराला अंगण लागतं साहेब. दारातच चूल मांडली तर आत कोण येईल?"

त्यानं नकाशा माझ्याकडे ढकलला. मग हात वर केले. "राणीआईकडून होकार आणा. त्यांनी हो म्हटलं तर भिंत मी स्वतः पाडतो."

आला की चेंडू पुन्हा माझ्याच अंगणात.

२७ एप्रिल, रविवार

राणीकडे मागणं न्यायचं तर रीतसर न्यायचं. बाटली घेऊन. आणि राणीशी थेट बोलायचं नाही, तिच्या वतीनं बोलणारीशी बोलायचं.

तर मी, माझ्या स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात, जिनची बाटली उजव्या हातात धरून उभी. आई स्टुलावर. मावशी तिच्या शेजारी काठी घेऊन. काठी! राणीच्या वतीनं बोलणाऱ्यानं धरायची असते तशी, कुठून आणली कुणास ठाऊक. तिघींत हातभर अंतर. शेगडीवर सूप रटरटतंय.

"मावशी, राणीआईंना सांग, एक आर्किटेक्ट भेटायला आलीय."

मावशी वळली. "राणीआई, एक आर्किटेक्ट आलीय."

"तिला विचार, चांगली आहे का ती?"

"विचारतायत, चांगली आहेस का?"

"सांग, चांगली आहे. चुकते, पण दुरुस्त करते."

"म्हणतेय चांगली आहे. चुकते, पण..."

"ऐकलं," आई म्हणाली.

"ऐकलं म्हणतात."

मी नकाशा जमिनीवर पसरला. बोटानं दार दाखवलं, उजवी रांग दाखवली, मावशीचं दुकान — मावशी सारं विसरून खाली वाकली, "हे माझं? उजवीकडं दुसरं? अगं बाई!" आईनं घसा खाकरला तशी परत ताठ. मग टोक दाखवलं. म्हटलं, राणीआईंना सांग, मी त्यांना दारात बसवलं होतं. आता घरात बसवतेय.

आई नकाशाकडे बघत राहिली. सूप उतू गेलं, कुणी उठलं नाही.

मग मावशीला न सांगता, सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "बाटली ठेव."

बाटली ठेवून घेणं म्हणजे हो. हो म्हणाली! मावशीनं काठी टाकली आणि मला मिठी मारली. आई म्हणाली, "आता जेव."

जेवले. सुपात बुडवून फुफूचा गोळा दोनदा घेतला.

५ मे

आदुसेईनं खरंच घण उचलला. फोटोपुरता. दोन घाव घातले आणि पाठ धरली. बाकीची भिंत गवंड्यानं पाडली. "बाई, राजा येत नाही का आता?" म्हणाला. मी म्हटलं, राजा येईल, रांगेत उभा राहील.

१९ जून

पाट्यांवरून तुंबळ युद्ध. आदुसेईला सगळ्या पाट्या एकसारख्या, एका रंगात, एका अक्षरात हव्यात. बायांना प्रत्येकीला आपला रंगारी. माझा निकाल — उंची एक, पट्टा एक, त्या पट्ट्याच्या आत जिचं तिनं काय हवं ते रंगवावं. सगळे सारखेच नाराज. म्हणजे निकाल बरोबर.

३ ऑगस्ट

पडवीची सावली आज काचेवर पडली, मी आखली होती तिथंच! पलीकडच्या फुटपाथवरून मावशीच्या दुकानातलं थान दिसलं. नक्षी ओळखू आली. पाऊण तास तिथंच उभी राहिले. एका ड्रायव्हरनं विचारलं, टॅक्सी हवीय का? म्हटलं, नको, मी माझी काच बघतेय.

२८ नोव्हेंबर

उद्या उद्घाटन. सगळे दिवे तिसऱ्यांदा लावून बघितले. आई मात्र दुपारी झोपली. घोरत होती!

२९ नोव्हेंबर, शनिवार

चालतंय! बाई गं, चालतंय!

बाणाची एक पाटी लावली नाही मी. आदुसेई ओरडत होता, लोकांना कळणार कसं? लोक पडवीत आले, बाकड्यांवर टेकले, घाम पुसला, आत आले आणि वळले उजवीकडं. एकजात. नदीला कुणी सांगतं का कुठं वळायचं? एक गोरं जोडपं आलं होतं, तेवढं डावीकडं गेलं. समोरून येणाऱ्या गर्दीनं त्यांना हसत हसत मागं फिरवलं.

मावशीच्या ओट्यावर सकाळीच रांग. दोर्कासनं तिच्याकडून पिवळं घेतलं, मग टोकाला जाऊन आईला दाखवलं. आईनं बोटांत धरून बघितलं, म्हणाली, "जांभळ्यापेक्षा बरं आहे." अख्खा चौक हसला. चपला सगळ्यांच्या पायांत.

आणि आई! टोकाला, चौकातलं ऊन गुडघ्यापर्यंत आलेलं, मागं थानांची भिंत. दारातून आत पाऊल टाकलं की पहिली तीच दिसते, आणि पोचायचं सगळ्यांत शेवटी. मी तीनदा बाहेर जाऊन तीनदा आत आले, फक्त ते बघायला. तिसऱ्या वेळी अटो म्हणाला, "तिकीट लावू का तुला?"

दुपारी नव्या कापडाचा गठ्ठा फोडला. निळ्यावर केशरी चौकोन, कुणी पाहिलं नव्हतं. नवं कापड राणीनं नाव दिल्याशिवाय विकत नाहीत. नाव चांगलं निघालं तर कापड वर्षानुवर्षं चालतं. बाया जमल्या. मावशीनं विचारलं, "राणीआई, नाव?"

आईनं कापड उलगडलं. दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "उजवीकडून ये."

टाळ्या! ओरडा! संध्याकाळपर्यंत शेवटचा यार्ड संपला. माझ्या इमारतीची वाट माझ्या आईनं कापडाला नाव म्हणून दिली. उद्या लग्नांत, चर्चमध्ये, बसमध्ये बाया ते नेसून फिरतील. कुणाला मिळालंय असं बक्षीस? आदुसेईचं नाव काचेवर आहे. माझं अंगाखांद्यावर आहे.

जाताना आईजवळ गेले. म्हटलं, आता तरी बोल.

"दमलीस," म्हणाली. आणि माझ्या गालाला हात लावला. चारचौघांत.

आज मला कुणी काही म्हणू नये. आज मी भरून पावले.

९ डिसेंबर

आई सकाळी ऑफिसात आली. एकटी, मावशी नाही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. म्हणाली, घर काढून दे, गावच्या जागेवर.

"घर आहे की तुला."

"ते राहायला. हे माणसं यायला."

फी विचारली. सांगितली. आईनं घासाघीस केली नाही.

खोल्या दोन पुरे म्हणाली, चौक मोठा हवा. पुढच्या पावसाच्या आत पुरं कर, डॉक्टर त्यापुढचं काही बोलत नाहीत. शेवटच्या भेटीला लोक दारातून येतील, उजवीकडून हात मिळवत मिळवत सगळ्यांना भेटतील. मी समोर, टोकाला. निजलेली.

"मला कुठं ठेवायचं ते तुला आता कळलंय," म्हणाली.

उद्या सकाळी जागा मोजायला जायचं आहे.